मान वळली का

लतोफत-खोला घंटी वाजवायची तेव्हा तिचा हात दिसत नसे. ती मुलाच्या मागे गुडघ्यांवर बसायची, हात कानाच्या रेषेत लांब करायची आणि मनगट एकदाच हलवायची. मूल आईच्या मांडीवर. समोर मी, हातात लाल कडं, मुलाची नजर माझ्याकडे धरून ठेवायला. मूल घंटीकडे वळलं की मी कागदावर डाव्या रकान्यात रेघ मारायची: मान वळली. नाही वळलं तर उजव्या. वख्श नदीकाठच्या सतरा गावांत सहा वर्षं आम्ही दोघींनी हे केलं.

खोला म्हणजे मावशी. सगळं गाव तिला खोलाच म्हणे, तिच्याहून थोरल्या बायकासुद्धा.

काम वाटतं तितकं सोपं नाही. मूल आवाजानेच वळतं असं नाही. मागे सावली सरकली तरी वळतं, गादी हलली तरी वळतं, डोक्याला लावलेल्या तेलाचा वास आला तरी वळतं. आणि सगळ्यात जास्त वळतं ते समोरच्याचे डोळे वळले म्हणून. म्हणून माझं खरं काम घंटीकडे न बघण्याचं होतं.

"डोळे खिळ्याने ठोकून टाक, होसियत," पहिल्या दिवशी ती मला म्हणाली होती. "आणि हसू नकोस. तुझे दात बघून पोर घाबरतं."

ती कापसाच्या सामुदायिक शेतावर जन्मली. बायका कापूस वेचायला जात तेव्हा तान्ही पोरं पाळणाघरात ठेवत, आणि पंधराव्या वर्षी ती त्या पाळणाघरात कामाला लागली. चाळीस गहवोरे, म्हणजे आमचे पाळणे, ओळीत, प्रत्येकाला एक दोरी, आणि चार दोऱ्या एका पोरीच्या हातात. दिवसभर ओढत राहायचं. तिच्या तळव्यांवर त्या दोऱ्यांचे घट्टे म्हातारपणापर्यंत होते. पुढे यादवी झाली. पाळणाघराचं छप्पर जळलं, तिचा नवरा पीठ आणायला म्हणून बाहेर पडला तो आलाच नाही. एक मुलगा होता, फैयोज. त्याला तिने एकटीने वाढवलं. मग राजधानीहून, दुशान्बेहून, गाडी आली, त्यातून एक परदेशी प्राध्यापक बाई उतरल्या आणि दुभाष्यामार्फत विचारलं, इथे लहान मुलांची जाण कुणाला आहे? लोकांनी तिच्या दाराकडे बोट दाखवलं.

बाईंना आमचे गहवोरे बघायचे होते. आमची मुलं त्यातच वाढतात. लाकडी पाळणा, मूल उताणं, हात अंगाशी, पाय सरळ, रुंद पट्ट्यांनी बांधलेलं, वरच्या दांडीवरून टाकलेली जाड कापडं. आई दूध पाजायलाही त्याला सोडत नाही, तीच वरून ओणवते. त्यामुळे आमची मुलं उशिरा बसतात, उशिरा उभी राहतात. जगभरच्या मुलांचा एक तक्ता आहे, कितव्या महिन्यात काय यायला हवं याचा. त्यात आमची मुलं रेषेखाली पडतात. ती पुढे रेषेवर येतात का, एवढंच बाईंना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी चार महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं पुन्हा पुन्हा बघायची.

आम्ही खेळणं कापडाखाली लपवत असू आणि मूल कापड उचलतं का ते बघत असू. नाकावर लाल ठिपका लावून आरशासमोर धरत असू: हात आरशाकडे जातो की स्वतःच्या नाकाकडे? एका चाचणीत आईने दोन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा, हसायचं नाही, बोलायचं नाही. मूल आधी हसतं, मग हात पसरतं, मग रडकुंडीला येतं. दुशान्बेची निगोरा आमच्यावर देखरेख करायची, ती आयांना हे तासतासभर समजावत बसे. खोला म्हणाली, "कशाला घसा कोरडा करतेस? सासूसमोर रोज हेच करतात त्या." सगळ्या सुना तोंडावर ओढणी घेऊन हसल्या.

नियम एकच होता. बघा, लिहा, उठा. आईला काही सांगायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

हा नियम खोलाने पाळला नाही. तिसऱ्या वर्षी बाईंनी आम्हा सगळ्यांना जमवून सांगितलं की गहवोऱ्यातली मुलं पाच वर्षांची होईतो इतर मुलांइतकीच धावतात, उड्या मारतात. आमच्यात काही कमी नाही, तक्ताच दुसऱ्यांच्या मुलांवरून केलेला आहे. खोला त्या दिवशी परतताना गाडीत गात होती. तेव्हापासून ती प्रत्येक घरातून निघताना दारात चपला घालता घालता म्हणे, "गहवोऱ्यातली पोरं सावकाश उठतात, पण उठतात." नियम मोडला असं कुणाला वाटलंच नाही. आशीर्वादासारखं वाटे ते.

फैयोजचं लग्न झालं. मावजूदा पलीकडच्या गावची, एकोणीस वर्षांची, कामाला चटपटीत, बोलायला जड. तो तीन महिन्यांनी रशियात बांधकामावर गेला. रुख्शोना जन्मली तेव्हा त्याने तिला फोनच्या पडद्यावर बघितलं.

पहिल्यांदा गहवोऱ्यात बांधायच्या दिवशी मी तिथेच होते. फैयोज ज्यात निजला होता तोच गहवोरा, नव्याने निळा रंगवलेला. आमच्यात त्या दिवशी गहवोऱ्याच्या डोक्याकडच्या लाकडावर अक्रोड फोडतात, पोर पुढे आवाजाला भ्यायला नको म्हणून. दगड खोलाच्या हातात होता. पहिला अक्रोड फुटला, पोर तशीच डोळे उघडे ठेवून वर बघत. दुसरा. तिसरा. पापणीसुद्धा हलली नाही.

"वाघीण आहे गं वाघीण!" एक म्हातारी ओरडली. "फैयोज तर पहिल्याच दगडाला मुतला होता."

"बापाची अब्रू काढू नका," मावजूदा हळूच म्हणाली आणि बायका हसून हसून लोळल्या. खोलाने अक्रोडाचा गर सगळ्यांना वाटला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अभिमान म्हणेन. मीही गर खाल्ला. त्या खोलीत आम्ही चौदाजणी होतो आणि त्यातल्या दोघी मुलांचे कान तपासून पोट भरत होत्या.

रुख्शोना शांत पोर निघाली. बाहेर कोंबडे, शेजारी करवत, ही आपली झोपलेली. आठव्या महिन्यात बसत नव्हती. खोला म्हणाली, गहवोरा. दहाव्या महिन्यात तोंडातून 'ब' नाही की 'म' नाही. खोला म्हणाली, गहवोरा.

एकदा मी त्यांच्याकडे चहा घेत होते. मावजूदाने पियाला माझ्यापुढे ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"ओया," ती सासूला आई म्हणून हाक मारत म्हणाली, "मी हाक मारते ती तिला कळत नाही."

"कापडाखाली आहे. कशी कळेल?"

"कापडाबाहेर असतानाही."

"तुझ्या नवऱ्याने दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं. आता फोनवर थांबतो का? विचार त्याला."

"त्याचं वेगळं."

"काय वेगळं? त्याचीच पोर ना?" खोला हसत म्हणाली, पण त्यात टोचणी होती. सून किटली घेऊन आत गेली. 

त्या बोलण्याचा परिणाम मात्र झाला. दोन दिवसांनी खोलाने घंटी घरी नेली. दुसऱ्या दिवशी ती हलव्याचा पुडा घेऊन आली, गाडीत बसायच्या आधीच तिने तो उघडला.

"वळली," ती म्हणाली. "चारही वेळा. उजवीकडे वाजवली तर उजवीकडे, डावीकडे तर डावीकडे. सून माझी उगाच जिवाला लावून घेते."

"मांडीवर कुणी घेतलं होतं?"

"शेजारणीने."

"आणि समोर?"

"मावजूदा. कडं घेऊन."

"तिने घंटीकडे बघितलं असेल, खोला."

"बघितलं असेल. आई आहे ती, लाकूड नाही. पण पोर वळली ना!"

मी हलवा घेतला. गोड होता, जरा जास्तच. तोंडात घास असताना माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही, आणि तो घास मी आजही गिळतेच आहे. आम्हा दोघींना माहीत होतं की घंटीकडे समोरच्याने बघितलं तर ती चाचणी कागदावर चढत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी आम्ही ती पुन्हा केली असती.

गहवोऱ्यात बांधलेल्या मुलाच्या डोक्यावर दिवसभर एकच गोष्ट येते आणि जाते, आईचा चेहरा. रुख्शोनाने तो चेहरा पाठ केला होता. पुढे ते कळलं.

चौदाव्या महिन्यात तिचं नाव आमच्या यादीत आलं. नात्यातल्या मुलाची चाचणी नातेवाइकाने घ्यायची नाही, म्हणून त्या दिवशी निगोरा समोर बसली, घंटी माझ्याकडे आली. मावजूदाच्या मांडीवर पोर. खोला भिंतीला टेकून, जमिनीकडे बघत, तिला तसंच बसायला सांगितलं होतं.

निगोराने कडं धरलं. तिचे डोळे खिळ्याने ठोकलेले. मी उजव्या कानामागे घंटी वाजवली.

काही नाही.

डाव्या. काही नाही. वाटीतले तांदूळ खळखळवले. काही नाही. पुन्हा घंटी, जोरात. मी बाजूला सरकले तेव्हा रुख्शोना निगोराकडे बघून हसत होती, खालच्या दोन आणि वरच्या दोन दातांनी. मी पेन्सिल उचलली. खोला जमिनीकडे बघत नव्हती. ती माझा हात बघत होती, तो कुठल्या रकान्याकडे जातो ते. रकाने तिनेच मला शिकवले होते.

ती उठली. चुलीपाशी मोठी कढई होती, तिचं झाकण तिने उचललं, पोरीच्या मागे आली आणि दुसऱ्या हातातल्या पळीने त्याच्यावर असा घाव घातला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. निगोरा दचकली. कडं हातातून पडलं, तिचे डोळे झाकणाकडे गेले. आणि मग, एका श्वासाच्या अंतराने, रुख्शोनाने मान वळवली.

"वळली!" मावजूदा ओरडली. "ओया, वळली!"

खोला होती तिथेच खाली बसली. झाकण तिच्या मांडीवर. तिने काय बघितलं ते मी बघितलं होतं. आधी निगोराचे डोळे, मग पोर.

मावजूदाने आम्हा तिघींचे चेहरे बघितले, एकेक करून. तिचा आनंद तोंडावरून लगेच गेला नाही, त्याला कुठे जावं ते कळत नसल्यासारखा थोडा वेळ तो तिथेच राहिला.

"काय झालं?" ती म्हणाली. "होसियत-खोला, तुम्ही सांगा."

"आम्हाला सांगायची परवानगी नाही," निगोराच म्हणाली.  नियम तिने केलेला नव्हता.

"नका सांगू," मावजूदा म्हणाली. "एवढा मोठा आवाज झाला, मी हादरले, माझी मांडी हादरली. ही हादरली नाही. मांडीला कळतं."

संध्याकाळी निगोराने प्राध्यापक बाईंना फोन केला. बाईंना खरोखर वाईट वाटलं, असं निगोरा म्हणाली, आणि मला ते खोटं वाटत नाही. त्यांनी राजधानीतल्या कानाच्या डॉक्टरसाठी पत्र पाठवलं. शिवाय रुख्शोनाचा क्रमांक अभ्यासातून काढायला सांगितला. अभ्यास गहवोऱ्याचा होता. ज्या मुलाचा उशीर दुसऱ्या कशाने आहे ते त्यात धरता येत नाही. बरोबरच आहे. मी स्वतः त्या क्रमांकावर रेघ मारली.

डॉक्टर म्हातारे होते, रागावले नाहीत. आतली नस जन्मापासूनच मेलेली आहे म्हणाले. यंत्र लावू, पण ढोल वाजल्याचं कळलं तरी पुष्कळ. सहा महिन्यांची असताना आणली असती तर अधिक काही करता आलं असतं, बोलीची मुळं पहिल्या वर्षात धरतात. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" खोला म्हणाली, "मी होते ना." डॉक्टरांना ते कळलं नाही, त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

शुक्रवारी फैयोजचा फोन येई. चौदा महिने तो पडद्यातून "रुख्शोना, रुख्शोना" ओरडत होता आणि पोर त्याला बघून हसत होती, त्यामुळे तिला ऐकू येतं याचा सगळ्यात मोठा पुरावा तोच होता. खोलाने त्याला सांगितलं.  त्याच्या मागे कुठेतरी सिमेंट कालवायचं यंत्र फिरत होतं.

"तू मुलांचे कान बघतेस, ओया," तो शेवटी म्हणाला. "पगार घेतेस त्याचा. सतरा गावांच्या पोरांच्या मागे घंट्या वाजवत फिरलीस."

"फिरले."

"आणि घरात?"

"घरात मी आजी होते," ती म्हणाली. एवढंच. तिने फोन सुनेकडे दिला.

त्या रविवारी ती माझ्या दारात आली. घंटी खिशात. ज्या ज्या घरात तिने चपला घालता घालता आपलं ते वाक्य म्हटलं होतं त्या सगळ्या घरांत जायचं होतं तिला. मी म्हटलं, त्या सगळ्यांची चाचणी झालेली आहे, नियमाने, मी समोर बसून. ती म्हणाली, "तरी." आम्ही पायी अकरा घरं केली. अकराही मुलं वळली. तिला सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. पण प्रत्येक मान वळली की ती थोडी आणखी वाकायची, जणू प्रत्येक पोर रुख्शोनाकडे पाठ करत होतं. बाराव्या घरी ती कुंपणापाशीच थांबली.

"पुरे," ती म्हणाली. "माझ्याकडून एकच चुकली. आपलीच."

मावजूदाने गहवोरा बंद केला. पोर दिवसभर तिच्या कमरेवर, तोंड आईच्या तोंडाकडे. सासूशी ती वाईट बोलली नाही. स्वयंपाक करी, चहा आणून ठेवी, पाय चेपायला बसे. एकदा खोला तिला म्हणाली, "बोल गं. शिव्या दे. माझ्या सासूला मी मनातल्या मनात रोज देत होते."

"काय बोलू, ओया? मी बोलले होते."



दुशान्बेत एक बाई आहे, ती बहिऱ्या मुलांना आणि त्यांच्या आयांना हातांनी बोलायला शिकवते. मावजूदाची मावशी तिथेच राहते. निगोराने त्या बाईशी मावजूदाची गाठ घालून दिली. शरदात जायचं ठरलं. खोला म्हणाली, मीही येते, मीही शिकेन, हात अजून चालतात माझे. मावजूदा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही नका येऊ." मग थोड्या वेळाने, जरा मऊ, "गाईला कोण बघेल?"

जायच्या सकाळी मी होते. निघणाऱ्याने रोटीचा एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी परत येईपर्यंत घरात टांगून ठेवायची, अशी रीत. मावजूदाने घास तोडला. रुख्शोनाच्या तोंडाशी रोटी धरली तर ती नुसती चाटली, कडेला ओला डाग पडला. खोलाने रोटी दोन्ही हातांत घेतली.

भाड्याची गाडी हमरस्त्यावर उभी होती. चालक आणखी एका प्रवाशासाठी थांबला होता, त्यामुळे निरोप उगाच लांबत गेला. मावजूदा खिडकीपाशी. पोर तिच्या खांद्यावर झोपून गेलेली. खोला खिडकीबाहेर उभी, रोटी धरून. बोलायचं ते बोलून संपलं होतं की सुरूच झालं नव्हतं, कोण जाणे.

"गाईचं दूध संध्याकाळी लवकर काढा," मावजूदा म्हणाली. "तिला सवय आहे."

"बरं."

"खिडकीची काच कागदाने चिकटवलीय. थंडीआधी बदलून घ्या."

"बरं."

"गहवोरा कुणाला हवा असेल तर देऊन टाका."

 प्रवासी धापा टाकत आला, दोन खोकी टपावर गेली, चालकाने शिवी हासडली, दारं आपटली. रुख्शोना झोपेतच होती. गाडी निघाली.

"चल, खोला," मी म्हटलं.

"थांब. कालव्याच्या पुलावर रस्ता परत दिसतो."

आम्ही थांबलो. पुलावरून तीन गाड्या गेल्या, एकामागून एक, तिन्ही पांढऱ्या. त्यांतली कुठली त्यांची, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. तिने तिन्हींकडे बघितलं.